परसातले पटांगण मनुबाईच्या नावे

मी, गुणमाला भूपाल मगदूम, वय अठ्ठावन्न, राहणार सांगली, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दम्याने छाती धरली आहे, पण छातीचा मृत्युपत्राशी संबंध नाही. कोणी धाक घातलेला नाही. घालू पाहणारे दोघे आले होते, त्यांना दारातूनच वाटेला लावले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, यानंतर करण्याइतके आयुष्य दिसत नाही.

राहते घर माझ्या यजमानांचे. कायद्याने विधवेला त्यात राहू दिले, ते कोणाला देऊ दिले नाही. माझ्यामागे ते दीर जयपाल यांच्याकडे जाईल. त्यावर मी शाई खर्च करीत नाही.

परसाची जागा मात्र माझी. लग्नातल्या पाटल्या आणि पुतळ्यांची माळ मोडून ती मी घेतली. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावे असून लोखंडी पेटीत वरच ठेवले आहे. जयपाल हळदीचे व्यापारी. हळद साठवायला त्यांना तिथे पेवे खणायची आहेत आणि ते माझ्या खोकल्याकडे कान लावून बसले आहेत. म्हणून या जागेची हकीकत सविस्तर लिहिते.

मुलींना पळू द्या, त्यांच्या अंगाला वारा लागू द्या, असे मी औंधापासून निपाणीपर्यंत व्यासपीठांवर सांगत फिरले. सन १९३८ साली एका सभेत मागून एक म्हातारबा ओरडले, "आवं बाई, पळू द्या म्हंता, पर पळायचं कुठं? बाजारात?" सभा लोटपोट हसली. मी घरी आले आणि परस मोजायला घेतले.

बॅडमिंटनच्या फुलाला पिसे लागतात, बॅटीला आतड्याची तात. ते आमच्या जैनांच्या घरात चालण्याजोगे नाही. म्हणून जाळीवरून रबरी कडे फेकायचा आणि झेलायचा खेळ निवडला. त्यात कोणाचा जीव जात नाही, असा माझा समज होता. चाळीस फूट लांब, अठरा फूट रुंद पटांगण आखले. ते ठोकायला मनुबाई वडार आली. मुरूम पसरून, पाणी मारून तिने एकवीस दिवस धुम्मस चालवून जमीन घट्ट बसवली. तिची अकरा वर्षांची साळू घागरीने पाणी मारायची आणि आई बसली की माझ्याबरोबर कडे फेकायची. झेल तिचा चुकत नसे.

पश्चिमेच्या टोकाला मुंग्यांचे बीळ निघाले. "बाई, चार घाव घालते, मोकळं हुईल," मनुबाई म्हणाली. मी तिचा हात धरला आणि सगळी आखणी दोन हात पूर्वेला सरकवली. तो दोन हातांचा पट्टा शेजारच्या, जयपालांच्या हद्दीत निघाला. रोज सकाळी मुंग्यांना साखर घालणारे हे गृहस्थ. मला वाटले, कारण ऐकून ते उलट हात जोडतील. ते म्हणाले, "वैनी, मुंग्या तुमच्या, जमीन माझी." त्यांनी दावा लावला, तीन वर्षांनी जिंकला आणि पटांगणाच्या टोकावरून भिंत घातली. तेव्हापासून एका अंगाच्या मुली दोन हात कमी जागेत खेळतात. जयपालांना माझ्याकडून याहून काही मिळणार नाही, कारण जे हवे ते ते घेतातच.

पण माझा खरा राग जयपालांवर नाही. पहिल्या दिवशी अठरा मुली जमल्या. साळू धुतलेला परकर नेसून रेघेवर येऊन उभी राहिली. जयपाल आपल्या मागच्या सोप्यातून लेकीवर ओरडले, "पद्मे, घरात ये! कुणाबरं खेळायलीस, कळतंय का?" पद्मावती गेली. बाकीच्या मुलींच्या आया उठून उभ्या राहिल्या. मी साळूजवळ गेले आणि म्हणाले, "आज राहू दे, उद्या ये."

ती म्हणाली, "मीबी पानी मारलंय की वं ह्याला."

एवढे बोलून ती गेली. तो उद्या मी कधी उगवू दिला नाही. मुंग्यांसाठी मी दोन हात सरकले, आणि मुलीसाठी एक बोट सरकले नाही. त्याच आठवड्यात कराडला मी समतेवर दीड तास बोलले. टाळ्या पुष्कळ पडल्या. त्या आणि इतर सर्व भाषणांचे गठ्ठे माडीवर आहेत. ते बंबात घालावेत, पाणी तरी तापेल. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर 'समता' हा शब्द कोणी उच्चारू नये.

दोन्ही रबरी कडी पद्मावतीस द्यावीत. ती आता सासरी आहे, पण तिची डाव्या हाताची फेक मला अजून आठवते. पुस्तके मुलींच्या शाळेला; तिथल्या शिक्षिका लीलाबाई ती नेतील.

पटांगणही शाळेला द्यावे, असे लीलाबाईंनी सुचवले होते. मी विचारले, "वडाराच्या मुली खेळतील?" त्या खोटे बोलत नाहीत. म्हणाल्या, "समिती म्हणेल, चांगल्या घरच्याच." तो विषय तिथे संपला.

गेल्या महिन्यात मी मनुबाईला बोलावून सांगितले की जागा तुझ्या नावे करते, तिथे सगळ्यांच्या मुली खेळू देत. ती उंबऱ्यापाशी टेकली. मग म्हणाली, "साळूला दोन प्वारं हायत आता. ती कडी झेलंल व्हय?"

"मग काय करशील जागेचं?"

"घर बांदीन. जागा सपाट हाय, घट हाय. मीच ठोकलीया न्हवं?"

"आणि खेळ? रोज संध्याकाळी बारा मुली येतात गं."

"बाई, पोरीला उद्या ये म्हनला. मला मेल्यावर ये म्हनताय, आन् वर अट घालताय. ऱ्हाऊ द्या तुमची जागा."



तरी, सदर परसाची जागा, जाळी व लोखंडी खांबांसह, मी मनुबाई वडार हिला व तिच्यामागे मुलगी साळू हिला पूर्ण मालकीने देत आहे. विकावी, खणावी, बांधावी. जयपालांनी हरकत घेतल्यास खरेदीखत दाखवावे. जिला मिळायचे तिने साक्ष घालायची नसते, म्हणून मनुबाईचा अंगठा या कागदावर नाही.

लीलाबाईंनी हे वाचून विचारले, "त्या बारा जणींना मी काय सांगू?" त्यांना सांगावे की जागेची मालकीण बदलली आहे, तिला जाऊन विचारा. आणि तिने 'उद्या या' म्हटले, तर निमूट परत फिरा.

खेळाची अट मी या कागदात तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली. तिन्ही ठिकाणी माझी सही आहे. खोडलेले कोणी लावून वाचू नये.

गुणमाला भूपाल मगदूम
सही दस्तुरखुद्द

आमच्यासमक्ष सही केली म्हणून साक्ष:
१. लीलाबाई, शिक्षिका
२. अर्जुना लोहार, जाळीचे खांब घडवणारा

मुक्काम सांगली
तारीख ९ डिसेंबर १९४६