अम्माचीची कूस

४ फेब्रुवारी, कांजिरप्पळ्ळी
काम मिळालं आणि घरही दृष्ट लागावी असं. मागे रबराची झाडं, जेवायला स्वयंपाकीण थंकम्माच्या हातचा कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि मासळीचं कालवण. ज्यांची सेवा करायची त्या म्हाताऱ्या अम्माचींचं अर्धं अंग गेलंय, वाचाही गेलीय, पण डोळे बोलतात. आल्याआल्या मी त्यांचं सगळं अंग तपासलं. टाचा, खांदे ठीक आहेत. माकडहाडापाशी लाली आहे, पण बोट दाबलं की पांढरी होते. म्हणजे अजून वेळ आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, अंथरूण कोरडं ठेवायचं, कांजीत अंडं घालायचं. पडून पडून होणारी जखम मी होऊ देणार नाही.

७ फेब्रुवारी
कुशीवर वळवलं की अम्माची सुस्कारा सोडतात. पण त्यांचा मुलगा जोमोन कॅनडातून दिवसभर भिंतीवरच्या कॅमेऱ्यात बघत असतो. आईचा चेहरा दिसायला हवा, म्हणून तिला उताणंच ठेवा म्हणतो. दोन्ही बाजूंना कॅमेरे लावा म्हटलं, तर म्हणाला, घर आहे की बँक?

१२ फेब्रुवारी
मी आंघोळीला गेले की थंकम्मा त्यांना उताणं करते. भांडले तर म्हणाली, "त्याचा फोन आल्यावर मी काय करू, मोळे, पोरी? राहते त्याच्याच घरात."
लाली आता दाबूनही पांढरी होत नाही.

१९ फेब्रुवारी
जखम उघडली. आत मूठ मावेल. संध्याकाळच्या प्रार्थनेला कॅनडातली मंडळी पडद्यावर जमली. अम्माची किती छान दिसते, म्हणाली. थुंकावंसं वाटलं.

२३ फेब्रुवारी
अम्माची गेल्या. जोमोन येईपर्यंत बर्फाच्या पेटीत ठेवायचं. कॅमेरा पेटीवर रोखलेला. अम्माची उताण्या.

२४ फेब्रुवारी
सकाळी त्या पेटीत कुशीवर होत्या. झाकण बंदच. थंकम्मा जपमाळ घेऊन परसात पळाली. जोमोनने फोनवर सांगितलं, सरळ करा. मी केलं. मीच.

२५ फेब्रुवारी
पुन्हा कुशीवर. पुन्हा सरळ केलं. त्यांचे डोळे उघडे होते —
माझी कंबर ठणकतेय. आरशात पाहिलं. माकडहाडापाशी लाली. बोट दाबलं — पांढरी होत नाही.

२६ फेब्रुवारी
उताणी पडलेय. वळता येत नाही. वही तोंडावर धरून — थंकम्मा चर्चला गेलीय. पेटी रिकामी.
कॅमेरा माझ्याकडे वळला. त्यातून जोमोनचा आवाज, खुशीत. आई आज किती छान दिसतेय, म्हणतोय.
खांद्याखाली गार हात आला. मी घालायचे तसाच, हळू. अम्माची, वळवा, एकदाच —
वळवलं. बरं वाटलं. देवा, किती —
फोन वाजतोय. हात थांबला.
नको. सरळ नको, अम्माची, सर