काळ्या दगडाखालचा पाऊस

बाबा, कळमेश्वरच्या त्या बोअरचं पाणी मी तपासायला दिलं होतं. तुम्ही जाण्याआधी दाखवलेली ती शेवटची जागा. अजून दिसतं, तळहातावर आडवा नारळ घेऊन तुम्ही वावरभर फिरताय, धुऱ्यापाशी, बांधावर, तो नारळ उभा होतो आणि मला हसू येतं. "हसून काहून राहिला गा? पाणी आहे इथं. उपसलं तरी मिरगात पुन्हा भरते." पाणी लागल्यावर पहिला लोटा तुम्ही परत त्याच भोकात ओतला. नेहमीच ओतायचे.

मी धड शिकलो नाही, एका कामावर टिकलोही नाही. सध्या एका मॅडमची गाडी चालवतो. त्या गावोगावच्या बोअरचं पाणी गोळा करतात. बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहिला तर पुन्हा. शहरात सदरला तर्री-पोहे खायच्या नादात माझ्याकडून एक उघडी राहिली, तेव्हा काय बोलल्या ते जाऊ द्या. पण तेव्हाच कळलं, पाण्यात हलकं पाणी आणि जड पाणी असं दोन्ही असतं, उघड्यावर हलकं आधी उडून जातं आणि माप बिघडतं. त्या मापावरूनच त्या सांगतात, तो पाऊस पडला तेव्हा हवा कशी होती, समुद्र कसा होता.

"तुझ्या बाबांच्या बोअरमधला पाऊस आताचा नाही," त्या म्हणाल्या. "माणूस शेती करायला लागला त्याच्याही आधीचा आहे. तेव्हा थंडी होती, समुद्र खूप मागे हटलेला होता."

"पण मिरगात भरते ना ते?"

"वर काळा दगड आहे. आताचा पाऊस तिथवर पोचतच नाही."

म्हणजे बाबा, त्या पाण्यात परत गेला तो फक्त तुमचा लोटाच.

काल मनीषनगरच्या एका सोसायटीनं बोलावलं. बोअर आटलेत. "पाणाड्याचा पोरगा हायेस, बापाचा हात असनच तुले," तिथले काका म्हणाले. "लागन तेवढं खोल जाऊ." एक बाई रिकामी बादली घेऊन जिन्यात उभी होती. मॅडमकडून कळलेलं सगळं मला सांगायचं होतं. पण नारळ हातावर घेतला आणि पार्किंगच्या कोपऱ्यात तो उभा झाला. तिथं मी चुन्याची फुली मारली.

आता तिथं मशीन सुरू आहे. मी गाडीत बसून हे लिहितोय, खाली जमीन थरथरतेय. हा कागद रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यातच राहील. मघाशी त्या बादलीवाल्या बाईनं विचारलं, "पुरंन ना गा पोरा?"

मी म्हटलं, मिरगात भरते.