घमेल्यातलं हिरवं पाणी

बाबा,

तिसोन पहाटे गेला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, किडन्या गेल्या. शेजारच्या एवारिस्तोकाकांनी विष घातलं नव्हतं. रविवारी तुम्ही गाडीच्या रेडिएटरमधलं हिरवं पाणी अंगणातल्या घमेल्यात काढून ठेवलंत, तेच तो प्यायला. गोड लागतं म्हणे ते.

उरलेलं मी डब्यात भरून, घट्ट झाकण लावून वर ‘विष’ लिहिलंय. मोरीत नाही, मातीत नाही, गॅरेजवाल्याकडेच नेऊन द्या. तो घेतो.

काल काकांच्या दारात जाऊन तुम्ही ओरडलात, ‘तुझ्या मेंढ्यांपायी माझ्या कुत्र्याला विष घातलंस.’

जमीन गोठलीय, माझ्याने खणवेना. कुंपणापाशी खड्डा काकाच खणतायत, स्वतःच्या कुदळीने. उठलात की दुसरी कुदळ घेऊन या.

मायतेन