भार्गवीचं औषध, माझ्या देखरेखीखाली

५ जुलै, शनिवार
सांगलीला जाऊन आलो. साताऱ्यात डॉक्टर नाहीत असं नव्हे. पण डोक्याच्या डॉक्टरांच्या दारात पोरीला ओळखीच्या कुणी पाहिलं तर पुढे स्थळं येताना अडचण. भार्गवी अकरा वर्षांची आहे, पण बापाने लांबचं बघायला हवं. शेजाऱ्यांना सांगितलं, बायकोच्या, म्हणजे मयूरीच्या आत्याचा गुडघा दाखवायचाय.

वेटिंगमध्ये पहिल्याच खुर्चीवर कुंडलचा माझा मावसभाऊ लालासाहेब. शेजारी त्याची मुलगी प्रियदर्शनी. आवं अवधूतदादा, तुमी हितं कसं, म्हणाला. मी म्हणालो, आत्याचा गुडघा. तो म्हणाला, आमच्या आईचा बी गुडघा लय दुकतोय. दोघांच्याही बरोबर म्हातारं माणूस नव्हतं. मग उसाचं बोललो.

डॉक्टरबाईंनी निदान केलं, एडीएचडी. पोर आळशी नाही, उद्धट नाही, तिचं लक्ष टिकत नाही आणि अंग स्वस्थ बसत नाही, म्हणाल्या. घरात आणखी कुणाला असं आहे का, विचारलं. मी ठामपणे नाही सांगितलं. माझा चष्मा त्यांच्याच टेबलावर राहिला, हे कराडजवळ कळलं. मयूरीने माझ्याकडे नुसतं बघितलं. तिची ही सवय मला आवडत नाही.

औषधाचे पर्याय असे. पहिली गोळी मिथिलफेनिडेट. त्याच दिवशी परिणाम दिसतो, पण भूक कमी होते, कधी झोप उडते, वजनावर लक्ष ठेवावं लागतं. दुसरी कॅप्सूल, ॲटोमॉक्सेटिन. रोज घ्यायची, गुण यायला महिना-दीड महिना. तिसरं औषध मुळात रक्तदाबाचं, पहिली दोन जमली नाहीत तर. मयूरीला पहिली हवी होती. पोर वाळून काटकी होईल म्हणून मी कॅप्सूलवर अडून बसलो. शेवटी कॅप्सूल ठरली. मधेच बंद करायची नाही, उघडायची नाही, अख्खी गिळायची. देखरेख माझ्याकडे. असल्या बाबतीत शिस्त लागते.

६ जुलै
मोबाईलवर कॅप्सूलची माहिती वाचायला बसलो. अर्धा दिवस जुन्या बुलेटचं इंजिन उघडण्याचे व्हिडिओ बघण्यात गेला. तरी निर्णय पक्का झाला. आमच्या घराण्यात आजवर कुणी डोक्याचं औषध घेतलेलं नाही. औंधच्या एका ओळखीच्या माणसाकडून आणलेलं ब्राह्मीचं चूर्ण घरात पडून आहे. कॅप्सूलमधली पावडर काढून तेच भरायचं. गुण आला की मयूरीला सांगून चकित करायचं. ही फसवणूक नव्हे, प्रयोग आहे.

७ जुलै, सकाळी
कॅप्सूल उघडताना पावडर डोळ्यात गेली. डोळा टोमॅटोसारखा लाल. ऑफिसात सांगितलं, वारं लागलं.

भार्गवीने देवाला हात जोडले आणि कॅप्सूल गिळली. बाबा, आज लागू पडेल का, विचारलं. हळूहळू पडेल, म्हणालो. हे खोटं नाही. डॉक्टरबाईही तसंच म्हणाल्या होत्या.

१२ जुलै
नुसत्या औषधाने भागत नाही, व्यायामही हवा. उद्यापासून रोज पहाटे भार्गवीला घेऊन अजिंक्यतारा चढणार. दोघांना नवे बूट आणले. माझी पिशवी रिक्षात राहिली, पण जुने बूट चालतील.

१३ जुलै
जाग आली तेव्हा ऊन आलं होतं. भार्गवी बूट घालून सोफ्यावरच झोपली होती. पाऊस होता म्हणून उठवलं नाही, असं सांगितलं. ती उन्हाकडे बघत होती.

२५ जुलै
शाळेतून फोन. भार्गवी वर्गात सारखी उठते, दुसऱ्यांना लिहू देत नाही. राजनंदिनी तिची जिवाची मैत्रीण, तिच्या शेजारून उठवून भार्गवीला एकटीच्या बाकावर बसवलंय. भार्गवी जेवली नाही. भूक मेली असती तर औषधाला दोष देता आला असता. पण ती रडत होती म्हणून जेवली नाही. तिचं ताट मी झाकून ठेवलं. चूर्ण जरा जास्त भरावं.

२० ऑगस्ट
चाचणीचे पेपर मिळाले. गणितात दोनच गणितं सोडवलीत. बाकी कागदावर चिमण्या. छान काढल्यात, पण मार्क चिमण्यांना नसतात. मयूरी ओट्याशी उभी राहून रडली. मी तिला म्हणालो, बघ, ही ॲलोपथी काही कामाची नाही, मी पहिल्यापासून सांगत होतो. इतक्या तिडकीने बोललो की पोरीने ते औषध घेतलंच नाही, हे मला ऑफिसच्या वाटेवर आठवलं. गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ उभा राहिलो.

२३ ऑगस्ट, शनिवार
सांगली. पुन्हा लालासाहेब. जवळ आला आणि सरळच म्हणाला, आवं गुडगा कशाचा दादा, माजी पोरगी हाय. पहिलीच गोळी चालू केली. जेवान थोडं कमी झालंय, पण परवा पुस्तक घिऊन बसली ती संपवूनच उठली. मला रडूच आलं बघा. लोकं काय म्हन्तील ते म्हनूद्यात.

मी म्हणालो, आत्याला आता बराच आराम आहे. त्याने भार्गवीकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला त्याचा राग आला. का आला ते लिहीत नाही.

डॉक्टरबाईंनी विचारलं, रोज देता ना? मी म्हणालो, रोज, स्वतःच्या हाताने. मग डोस वाढवून बघू, नाहीतर औषध बदलू, म्हणाल्या. काहींना एखादं औषध लागू पडत नाही. भार्गवी खुर्चीत सारखे पाय हलवत होती. तिने हे ऐकलं आणि पाय थांबले.

२४ ऑगस्ट
उद्यापासून खरी कॅप्सूल द्यायची ठरवलं. पण डोस वाढवलेला, पोरीच्या अंगाला सवय नाही. एकदम दिला तर? डॉक्टरांना विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागेल. तेव्हा तूर्त ब्राह्मीच. गणपती तीन दिवसांवर आहेत. चांगल्या दिवसांत घरात वाद नकोत. विसर्जन झालं की मयूरीला शांतपणे सांगतो.

६ सप्टेंबर
विसर्जन झालं. उद्यापासून पितृपक्ष. असलं काही पक्षात काढू नये. घटस्थापना उत्तम.

८ सप्टेंबर, सकाळी
मयूरी दूध आणायला गेली होती. भार्गवीने कॅप्सूल हातात घेतली आणि टेबलावर ठेवून दिली. नको म्हणाली. राजनंदिनीला तिने सांगितलं होतं, माझं औषध चालू आहे, लागू पडलं की परत तुझ्या शेजारी येते. काल तिला सांगून टाकलं, वाट बघू नकोस, दुसऱ्या कुणाला बसव. माझ्यावर औषधच चालत नाही, बाबा. डॉक्टरपण म्हणाल्या ना. मी अशीच राहणार.

रडत नव्हती. शाळेच्या वेळा सांगाव्यात तसं सांगत होती.

माझा चेहरा बघून तिला वाटलं, मला वाईट वाटलंय. जवळ आली. म्हणाली, तुमची काही चूक नाही. एरवी तुम्हाला काही आठवत नाही, पण माझं औषध तुम्ही रोज आठवणीनं दिलंत. मग मला बरं वाटावं म्हणून तिने ती कॅप्सूल परत उचलली.

सांगायचंच होतं. तोंडही उघडलं. पाणी देऊ का, असं विचारलं.