काशीराम मरेना

जोगेश्वरी,
ता. ६ जुलै १९६९

चि. सौ. शकूस थोरल्या जावेचे आशीर्वाद.

आम्ही बरी आहोत. भांडुपला तुम्हीही बरी असाल. नसाल तर कळवायचं होतंत. वर्ष होत आलं, साधं एक कार्ड नाही.

आमच्या ह्यांनी ते रशियाचं पुस्तक परत काढलंय. गणपतीला परत तेच नाटक, चेर्केस आणि कुमिकांच्या लढायांचं. मी म्हटलं, अहो, कुठले ते डोंगरातले घोडेवाले एकमेकांना कापत होते, आणि त्यांच्यापायी तुम्ही सख्ख्या भावाशी अबोला धरता? तर म्हणतात, "कुमिकांचा सरदार तिसऱ्या अंकात मरतो. काशीराम मेला नाही. चूक त्याची."

खरंच गं, मरायला काय झालं होतं त्याला? चेर्केस झालेले हे तलवार मारून मारून दमले, तो आपला उभा! वर म्हणतो, "दादा, सासरे पुढच्या खुर्चीत बसलेत, मी मरणार नाही!" मग ह्यांनी खरीच हाणली. मिशी एकीकडे, काशीराम पेटीवाल्याच्या अंगावर. लोकांनी वन्समोर दिला आणि तुम्ही बिऱ्हाड हलवलंत.

जाताना तू मालनला न्यायला आलीस, मी दार लावून घेतलं. पोर माझ्या पोटची आहे म्हटलं. आहेच. मी साकीनाक्याला कारखान्यात जायची आणि तिला तू वाढवलीस, ते मी कुठे नाही म्हणते?

आता ती बांगड्याला हात लावत नाही. म्हणते, "काकू काटे काढून देते. तुझे राहतात." राहतात खरे. मला कुठला एवढा धीर!

काल ह्यांनी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. त्या लोकांत म्हणे रीत होती, आपलं पोर दुसऱ्या घरी वाढवायला द्यायचं, कधी कधी दुश्मनाच्यासुद्धा. मग त्या दोन घरांनी एकमेकांवर तलवार उचलायची नाही. मी म्हटलं, मेलं हे आधी वाचता येत नव्हतं? घाला नाटकात!

घातलंय. तिसऱ्या अंकात आता कोणी मरत नाही. काशीरामला सांग, सासऱ्यांना खुशाल पुढे बसव.

येत्या रविवारी मालनला घेऊन येते. तिला वाटेल तितकं राहू दे तुझ्याकडे. मी काही म्हणणार नाही. बांगडे मी आणते, काटे तू काढ.

माझ्या ताटातलेपण काढ.

तलवार खाली ठेवलेली,
तुझी थोरली जाऊ
नलिनी