मॅट्रिक्सच्या तासाला आबा

६ जुलै १९९८
संपलं! आबा पार वर्गापर्यंत आले.
लग्नातच ठरलं होतं — मी बी.एस्सी. पूर्ण करणार. सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, अट एकच: "सून एकटी एसटीनं शिरूरला जाणार न्हाई." नवऱ्याची, सत्यजीतची, कारखान्यात शिफ्ट. राहिले कोण? सासरे, म्हणजे आबा! मांडवगणपासून शिरूरपर्यंत माझ्या शेजारी पटका. तास चालू असताना खिडकीत पटका. मुली हसून हसून लाल!

९ जुलै
लिनिअर अल्जेब्राचे ढमढेरे सर आज वैतागले. "आबा, उजेड अडतोय. एक तर बाजूला व्हा, नाहीतर आत या."
मी मनात — बाजूला, बाजूला, बाजूला!
आत आले. शेवटच्या बाकावर मांडी घालून बसले.

२० जुलै
सरांनी विचारलं, "ए आणि बी दोन मॅट्रिक्स. एबी आणि बीए, दोन्ही गुणाकार सारखे येतीलच असं नाही. का?" मी वहीत डोकं घातलेलं.
मागून आवाज — "आधी धार काढली न् मग वासरू सोडलं, तर दूध आपल्याला. आधी वासरू सोडलं, तर दूध वासराला. कामं तीच दोन!"
सरांनी खडू खाली ठेवला. टाळ्या वाजवल्या!! मला बाकाखाली जावंसं वाटलं.

३ ऑगस्ट
आबांना 'मॅट्रिक्स' म्हणता येत नाही. 'मॅट्रिक' म्हणतात. गावभर सांगत सुटलेत, "सूनबाई मॅट्रिक शिकती." लग्नात मी बारावी पास होते. आता दोन वर्षं मागं गेले!

१८ ऑगस्ट
आजचा धडा — जो व्हेक्टर इतरांच्या बेरजेतून मिळतो, तो नवीन काहीच देत नाही.
आबा लगेच, "आमच्या सोसायटीतलं निम्मं मेंबर असलंच! चेअरमननं हात वर केला की ह्यांचाबी वर."
सर आता काही समजावलं की आधी मागं बघतात. आबांनी मान डोलावली तरच पुढं.

११ सप्टेंबर
टेस्ट. वीसपैकी पाच.
आत्याबाई म्हणाल्या, "पाच मार्कांसाठी घरातली दोन माणसं दिसभर शिरूरला? दिवाळीनंतर बंद."
सत्यजीत म्हणाला, "बघू." त्याचं सगळ्यावर 'बघू'च असतं.
खूप रडले. खरं तर मला सगळं येतं. येत होतं. बारावीला गणितात पहिली होते मी!

१२ सप्टेंबर
न्हावऱ्याला एसटी थांबली तसे आबा माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "पोरी, तू तासभर मागं वळून माझ्याकडंच बघत बसती. मी आता काय बोलतोय म्हणून."
अगदी खरं.
"मी उद्या-परवापासनं म्होरं बसतो. म्हंजी माझ्याकडं बघितलंस, तरी फळा दिसंल."

१४ सप्टेंबर
बसले! पहिल्या बाकावर, बरोबर मध्ये! मी तिसऱ्या. पटक्याच्या डावीकडून अर्धा फळा, उजवीकडून अर्धा. मान हलवून हलवून दुखली. पण सगळं उतरवलं. आणि कळलं!

२५ सप्टेंबर
प्रत्येक मॅट्रिक्सला इनव्हर्स नसतो, म्हणजे केलेलं उलटवता येतंच असं नाही. आबा हळूच म्हणाले, "लग्नागत." सरांना ठसका लागला. सर याच मेमध्ये बोहल्यावर चढलेत.
आज मी पण हसले. सगळ्यांच्या आधी!

९ ऑक्टोबर
दुसरी टेस्ट — वीसपैकी सतरा!!
आबांनी एसटीत कंडक्टरला पेपर दाखवला. मग ड्रायव्हरला. गाडी चालू असताना!
घरी आत्याबाईंनी पेपर हातात घेतला. वरून खाली वाचला. "बरं," म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या. एवढंच! बंद का चालू — विचारायची माझी छाती नाही.

१२ ऑक्टोबर
अजून काही बोलल्या नाहीत.

२ नोव्हेंबर
सत्यजीतनं आबांसाठी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणला, अर्ध्यावर शाळा सुटलेल्यांसाठीचा. आबांनी आनंदानं हात पुढं केला. आत्याबाईंनी फॉर्म काढून घेतला. सातवीत वर्गात पहिल्या आल्या होत्या त्या, आणि त्याच उन्हाळ्यात लग्न! मला आज कळलं. म्हणाल्या, "तुम्ही बसा खुशाल कॉलेजात म्होरं. परीक्षा मी देणार हाय. आन् सुषमा, गणित तू शिकवायचं. ह्यांनी न्हाई!"