धंद्यासाठी उघडलेलं अकाउंट

३ मार्च, सोमवार
फोन करायला वेळ नाही म्हणे, आणि कॉफीच्या कपाचा फोटो टाकायला आहे! कप, चमचा, खिडकी. माझ्या लेकीचा कप मी शेजारच्या केकवालीच्या फोनात बघायचा. केकवाली म्हणते, "ताई, तुम्ही पण अकाउंट उघडा की." उघडलं. लेकीसाठी नाही. दुकानासाठी. आजकाल उसवलेली पँटसुद्धा लोक फोनात बघून शिवायला टाकतात.

४ मार्च
लेकीला रिक्वेस्ट पाठवली. घेतली नाही अजून. कामात असेल. मी काही सारखी बघत नाही. चहा ठेवताना, चहा उतरवताना, दोरा ओवताना, बस.

६ मार्च
पहिला फोटो टाकला. कवायतीच्या मास्तरांची पँट, कंबर वाढवून दिलेली. मापाची चिठ्ठी टाचलेली तशीच राहिली. नाव, कंबर, सगळं ठळक. मास्तर तणतणत आले. "बाई, अख्ख्या शाळेला माझी कंबर कळली!" मी म्हटलं, एवढी कंबर मी लपवू कुठे? पँट ओढून घेऊन गेले. असू दे. धंद्याचं नाव तर झालं.

८ मार्च
एका गुलाबी फुलाने हार्ट दिला. चेहरा नाही, नाव नाही, नुसतं फूल. लगेच ओळखलं. पोरीला स्वतःच्या नावाने यायला लाज वाटते. हट्टी आहे, बापावर गेलीय. यांना सांगितलं. पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले, "असेल."
एक नर्स वरची खोली भाड्याने मागायला आली होती. खोली रिकामी कुठे आहे? लेकीची आहे ती.

११ मार्च
फूल रोज येतं. आज खोलीचा फोटो टाकला. धंद्याचाच, चादरीची शिलाई माझी आहे. खाली लिहिलं, पंखा दुरुस्त केलाय. फुलाचं लगेच उत्तर: "छान." घर आठवतं म्हणजे पोरीला. नर्स परत आली, तिला वाटेला लावलं.

१४ मार्च
फुलाला सरळच विचारलं, कधी येतेस? उत्तर नाही. सुट्टी मागत असेल साहेबाकडे. उशांचे अभ्रे बदलले.
हे धड जेवले नाहीत. ताटात निम्मं तसंच.

१५ मार्च, दुपार
फुलाला लिहिलं, आम्ही घरी नसलो तर चावी केकवालीकडे आहे. टेबलावर यांचा फोन वाजला. परत लिहिलं. परत वाजला. हे अंघोळ अर्धी टाकून टॉवेलवरच बाहेर आले. फोन बघितला, मला बघितलं. म्हणाले, "तुला जरा बरं वाटावं म्हणून गं."
मी म्हटलं, फूल तरी धड निवडायचं. कोबी दिसतो.
मग खाली जाऊन एका जॅकेटची चेन बसवली. उलटी बसली. उसवली. पुन्हा बसवली. काही वाटलं नाही. हात चालत होते.

१६ मार्च, रविवार
रिक्वेस्ट तशीच पडून आहे. अकाउंट बंद केलं. गिऱ्हाईक एकही आलं नाही त्यातून, मास्तर गेले ते वेगळेच.
नर्स आली. म्हणाली, "मावशी, आता तरी हो किंवा नाही सांगा. मला रस्त्यावर राहायचं नाही." खोली दाखवली. पंखा लावून दाखवला. चादर तिला आवडली.
लेकीला साधा मेसेज पाठवला. केकवालीला विचारलं नाही, यांनाही नाही. असा:
"वरची खोली नर्सला देतेय. गुरुवारी सामान घेऊन येईल. तुला हवी असेल तर बुधवारपर्यंत सांग. तू सांग. बाबांना सांगायला लावू नकोस."